सहा रेघांची पट्टी आणि सांगलीतलं एमडी

लघवीतून नशा ओळखणारं सहा पट्ट्यांचं घरगुती किट घ्यावं का, याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. गांजाची शंका असेल आणि घरात पोराशी बोलणं अजून सुरू असेल, तर घ्या. एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेची, शंका असेल तर घेऊ नका, कारण हे किट एमडी पाहतच नाही. आणि तुम्ही कॉलेज, वसतिगृह किंवा कंपनी चालवत असाल, सगळ्यांची सरसकट तपासणी करायचं डोक्यात असेल, तर खोक्यांची ऑर्डर देण्याआधी पुढचं सगळं वाचा.

या किटला सांगलीत गिऱ्हाईक का आहे, हे वेगळं सांगायला नको. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुपवाडमधून एमडीचा साठा उचलला. पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत मुंबई गुन्हे शाखेला एमडीचा कारखाना सापडला. २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वे औद्योगिक वसाहतीत आणखी एक. द्राक्षाच्या आणि हळदीच्या जिल्ह्याचं नाव अशा बातम्यांत येऊ लागलं की आईबाप घाबरतात, आणि घाबरलेला माणूस काहीतरी विकत घेतो. मेडिकलमध्ये मागितलं तर हे किट मागवून देतात, ऑनलाइन तर सहज मिळतं. किंमत काही शे रुपये. चिठ्ठी लागत नाही.

पाकिटात काय असतं? फॉइलच्या सीलबंद पाकिटात एक चपटं कार्ड किंवा कॅसेट, ओल शोषणारी सिलिकाची पुडी, कॅसेट असेल तर ड्रॉपर, आणि बारीक अक्षरांतलं इंग्रजी माहितीपत्रक. लघवी घ्यायचा कप बऱ्याचदा नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. कार्डावर सहा खिडक्या आणि प्रत्येकीवर तीन अक्षरं. टीएचसी म्हणजे गांजा, चरस, भांग. एमओपी म्हणजे मॉर्फिन, म्हणजे अफू आणि हेरॉइनच्या घरातलं. एएमपी म्हणजे अॅम्फेटामाइन. सीओसी म्हणजे कोकेन. बीझेडओ म्हणजे झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचा बेंझोडायझेपिन गट. सहावी खिडकी बहुधा बीएआर, म्हणजे बार्बिट्युरेट, काही कंपन्यांत तिच्या जागी मेथ, म्हणजे मेथअॅम्फेटामाइन. सांगलीपुरतं बोलायचं तर यातल्या कोकेन आणि बार्बिट्युरेटच्या खिडक्या जवळपास वाया जातात. बार्बिट्युरेटच्या खिडकीचा इथे एकच उपयोग दिसतो, तोही उलटा: फिट्ससाठी फेनोबार्बिटोन घेणारा पेशंट तिच्यात नशेबाज ठरतो.

वापरायची पद्धत सोपी आहे, पण माहितीपत्रक न वाचता कोणी करू नये. पाकीट फ्रीजमध्ये असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच फोडा. फोडल्यावर तासाभरात वापरा. नमुना किमान ३० मिलिलिटर, कोरड्या स्वच्छ कपात. बुडवायचं कार्ड असेल तर बाणाच्या रेषेपर्यंतच, १० ते १५ सेकंद. रेषेच्या वर बुडवलं की रंग पसरतो आणि कार्ड फुकट जातं. कॅसेट असेल तर प्रत्येक खाचेत ड्रॉपरने ३ थेंब, बुडबुडा न येऊ देता. सपाट जागेवर ठेवायचं आणि बरोबर ५ मिनिटांनी वाचायचं. १० मिनिटांनंतर दिसेल त्याला अर्थ नाही. रात्री ओट्यावर ठेवलेलं कार्ड सकाळी पाहून पोराला झोपेतून उठवू नका.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. गरोदरपणाच्या पट्टीवर दोन रेघा आल्या की ‘आहे’, एक आली की ‘नाही’. कोविडच्या पट्टीतही तेच होतं. इथे नेमकं उलटं. प्रत्येक खिडकीत वरची सी रेघ उमटलीच पाहिजे; ती नसेल तर चाचणीच बाद. खालची टी रेघ उमटली तर निकाल ‘नाही’. टी रेघ उमटली नाही तर ‘आहे’. कारण पट्टीवर औषधाचा अंश आधीच चिकटवलेला असतो आणि रंगीत प्रतिपिंडं तिथे अडकून रेघ काढतात. लघवीत तेच औषध पुरेसं असलं तर प्रतिपिंडं त्यातच गुंतून जातात, रेघ काढायला उरत नाहीत. टी रेघ फिकट असली तरी ती ‘नाही’च समजायची. ‘फिकट आहे म्हणजे थोडी घेतली असेल’ हा तर्क चुकीचा आहे. रेघेच्या गडदपणावरून किती घेतली, कधी घेतली, व्यसन आहे का, यातलं काहीच सांगता येत नाही.

प्रत्येक खिडकीला एक उंबरठा असतो, तो पाकिटावर नॅनोग्रॅममध्ये छापलेला असतो. गांजाला साधारण ५०, बेंझोडायझेपिनला आणि कोकेनला ३००, अॅम्फेटामाइनला ५०० किंवा १०००. मॉर्फिनच्या खिडकीचा आकडा मात्र विकत घेताना जरूर बघा: ३०० की २०००? ३०० वाल्या पट्टीवर खसखससुद्धा उमटते. खसखशीच्या दाण्यावर अफूचा अंश खरोखर असतो, त्यामुळे ही पट्टीची चूकही म्हणता येत नाही. अमेरिकेच्या सरकारी नोकरभरतीच्या तपासणीत याच कारणासाठी १९९८ मध्ये उंबरठा ३०० वरून २००० वर नेला. आपल्याकडे अनारशावर, मटणाच्या वाटणात, दिवाळीपासून आखाडापर्यंत खसखस असतेच. इथे विकायच्या किटवर ३०० चा आकडा ठेवणाऱ्याने आपल्या स्वयंपाकघरात कधी डोकावलेलं दिसत नाही.

आता मुद्द्याकडे, एमडीकडे. एमडी म्हणजे मेफेड्रोन, कॅथिनोन गटातलं. नावाने आणि परिणामाने अॅम्फेटामाइनचं भावंड वाटत असलं, तरी त्याच्या रेणूत एक कीटोन जास्तीचा आहे, आणि अॅम्फेटामाइनची प्रतिपिंडं त्याला नीट ओळखत नाहीत. त्यामुळे काल रात्री एमडी ओढलेला मुलगा आज सकाळी या कार्डावर सहाही रेघा स्वच्छ काढून दाखवू शकतो. वर त्याच्याकडे पुरावाही तयार: ‘बघा, निगेटिव्ह आलं.’ किट विकणारे हे खोक्यावर ठळक लिहीत नाहीत. ऑनलाइन जाहिरातीत ‘सर्व प्रकारचे ड्रग्ज’ असं लिहिलेलं दिसलं तर ते सरळ खोटं आहे. मेफेड्रोनची वेगळी पट्टी असते. काही जास्त खिडक्यांच्या किटांत ती एमईपी या अक्षरांनी येते. विकत घेताना खोक्यावर ही अक्षरं शोधा. नसतील तर ते किट एमडीच्या कामाचं नाही, मग त्यावर सहा खिडक्या असोत की बारा. तीही पट्टी फक्त दोन-तीन दिवसांपर्यंतचंच सांगते. सोमवारी संध्याकाळी शंका आली, गुरुवारी कुरिअर आलं, शुक्रवारी तपासलं, तर शनिवारच्या पार्टीचं काही उरलेलं नसतं. खात्रीचं उत्तर मोठ्या प्रयोगशाळेतल्या मास स्पेक्ट्रोमेट्रीचं. नमुना बाहेरगावी जातो, निकालाला दिवस लागतात, खर्च किटच्या कितीतरी पट.

दुसरी मोठी गळती इंजेक्शनची. व्यायामशाळांच्या आसपास मेफेंटरमाइनच्या कुप्या सापडल्याच्या बातम्या सांगली, सातारा, कोल्हापूर तिन्ही ठिकाणच्या वाचकांना नव्या नाहीत. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर पडलेला रक्तदाब वर आणायला भूलतज्ज्ञ वापरतात ते हे औषध. अॅम्फेटामाइनच्या खिडकीत ते कधी उमटतं, कधी नाही, पट्टी कुठल्या कंपनीची आहे त्यावर. ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या मॉर्फिनच्या खिडकीत येत नाहीत, ब्युप्रेनॉर्फिनही नाही. क्लोनाझेपाम आणि लोराझेपाम हे बेंझोडायझेपिनच असूनही कमी प्रमाणात असले की निसटतात. व्हाइटनर, सोल्यूशन हुंगणाऱ्या पोरांसाठी खिडकीच नाही. दारूसाठीही नाही. म्हणजे जिल्ह्यातली सगळ्यात जास्त घरं जिने मोडली, ती या कार्डाच्या हिशेबात नशाच नाही.

उलट बाजूने, निर्दोष माणूस अडकण्याच्या वाटाही बऱ्याच आहेत. कोडीनवालं खोकल्याचं औषध मॉर्फिनच्या खिडकीत येणारच; शरीरात कोडीनचं मॉर्फिन होतं. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन आणि ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स त्याच खिडकीत खोटा निकाल देऊ शकतात. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन आणि पित्ताची रॅनिटिडिन अॅम्फेटामाइनमध्ये. पॅन्टोप्राझोल गांजामध्ये. नैराश्यावरचं सर्ट्रालिन बेंझोडायझेपिनमध्ये. दर वेळी होतंच असं नाही, पण होतं. म्हणून तपासणीआधी गेल्या दोन आठवड्यांतल्या औषधांची यादी लिहून काढणं हा चाचणीचाच भाग आहे. निकाल आल्यावर यादी मागितली तर ती बचावासारखी वाटते. ‘मी ओढत नाही, बाजूला बसलो होतो’ ही सबब मात्र ५० च्या उंबरठ्यावर क्वचितच टिकते.

गांजाच्या खिडकीबद्दल हे किट खरंच चांगलं आहे, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. एखाद्या वेळी ओढणाऱ्याचा गांजा दोन ते चार दिवस दिसतो, रोज ओढणाऱ्याचा तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त. म्हणूनच गांजा सोडलेल्या माणसाची महिन्याच्या आत पुन्हा चाचणी करून ‘परत सुरू केलास’ म्हणणं अन्यायाचं आहे. चरबीत साठलेला अंश हळूहळू निघत असतो. आणि एक गंमत: महाशिवरात्रीची किंवा धुळवडीची भांग आणि मळ्यात उसाच्या सरीत लपवून लावलेला गांजा, दोन्ही या खिडकीत सारखेच. कायद्याला मात्र ते सारखे नाहीत. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यात धरलेल्या नाहीत. म्हणून भांग त्या कायद्याबाहेर राहिली, आणि महाराष्ट्रात तिच्यावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा परवाना आला. त्याच कायद्याखाली दारूचेही परवाने मिळतात, हे राज्याच्या नशाधोरणाचं एका ओळीतलं वर्णन.

इथून किटचं परीक्षण राजकारणात शिरतं, त्याला इलाज नाही. हातात निकाल आला की पुढे काय करायचं, हे कार्डावर लिहिलेलं नाही. ते तुम्ही बंदीकडे कसं बघता त्यावर ठरतं. तीन प्रकारची माणसं हे किट तीन कामांसाठी मागतात.

पहिला पक्ष कडक बंदीचा. सांगलीत जाहीर व्यासपीठावर जवळजवळ सगळेच राजकीय पक्ष इथे उभे असतात. २०२५ मध्ये पालकमंत्र्यांनी जिल्ह्यासाठी टास्क फोर्स केला, त्याच वर्षी मोक्का कायद्यात अंमली पदार्थांची तस्करी आणण्याची दुरुस्ती विधिमंडळात आली. या बाजूचा युक्तिवाद हलका नाही. राज्यघटनेचं कलम ४७ सरकारला आरोग्याला घातक पेयं आणि द्रव्यं बंद करण्याचा प्रयत्न करायला सांगतं. एमडी बनवणाऱ्याला शेतकऱ्यासारखी जमीन आणि पाऊस लागत नाही, एक शेड पुरते, तेव्हा धाक नसेल तर धंदा वाढेल, हे म्हणणं इरळी आणि कार्वे पाहिल्यावर खोडता येत नाही. एमडीचं कमी प्रमाण २ ग्रॅमपर्यंत, व्यापारी प्रमाण ५० ग्रॅमच्या वर, आणि त्यावर किमान १० वर्षं सक्तमजुरी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालानंतर भेसळीसकट संपूर्ण पुडीचं वजन धरलं जातं.

पण याच पक्षातून जेव्हा ‘सगळ्या कॉलेजांत सरसकट लघवी तपासा’ अशी सूचना येते, तेव्हा हे किट तिचा भार पेलत नाही. साधा हिशेब करू. समजा १००० विद्यार्थी आहेत, त्यातले २० जण किट ओळखू शकेल अशी काही नशा करतात. किट ९५ टक्के बरोबर आहे असं उदारपणे धरू. २० पैकी १९ सापडतील. उरलेल्या ९८० निर्दोष मुलांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९ जण, खोटे पॉझिटिव्ह येतील. प्राचार्यांच्या टेबलावर ६८ नावांची यादी येईल आणि तिच्यातली ४९ नावं चुकीची असतील. एमडी घेणारे त्या यादीत नसतीलच. ४९ घरांत काय होईल, लग्नाची, वसतिगृहाची, शिष्यवृत्तीची काय चर्चा होईल, हे सांगली-मिरजेत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. एक हजार किटांचा खर्च मात्र रोख होतो. तेवढ्या पैशांत कॉलेजला वर्षभर आठवड्यातून एक-दोन दिवस येणारा समुपदेशक ठेवता येईल.

दुसरा पक्ष म्हणतो, विकणाऱ्याला तुरुंग, घेणाऱ्याला उपचार. हा बाहेरून आलेला विचार आहे असं समजू नका. सांगली जिल्ह्यातल्या आगळगावचे रामदास आठवले केंद्रात सामाजिक न्याय राज्यमंत्री असताना २०२१ मध्ये जाहीरपणे म्हणाले होते की व्यसनी माणसाला तुरुंगात नव्हे, व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायला हवं. त्याच सुमारास त्यांच्या मंत्रालयाने स्वतःपुरतं बाळगणं गुन्ह्यातून काढावं अशी शिफारस केल्याच्या बातम्या होत्या. कायदा तिथपर्यंत गेला नाही. आजही कलम २७ खाली सेवनाला, द्रव्य कुठलं त्यावर, जास्तीत जास्त सहा महिने किंवा एक वर्ष कैद, किंवा दंड आहे. मात्र त्याच कायद्यात कलम ६४अ आहे, आणि ते वकिलांखेरीज फारसं कुणाला ठाऊक नसतं: सेवनाचा किंवा कमी प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा शासनमान्य ठिकाणी उपचाराला गेली आणि उपचार पूर्ण केले, तर तिच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. घरगुती किट सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते या वाटेवर. उपचार चालू असताना, माणसाच्या संमतीने, ठरलेल्या दिवशी केलेली चाचणी त्यालाही धीर देते. पोर्तुगालचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं, आणि बहुतेकदा चुकीचं दिलं जातं. २००१ पासून तिथे दहा दिवस पुरेल एवढा साठा बाळगणं फौजदारी गुन्हा राहिला नाही, पण मुभाही नाही. माणूस समितीपुढे जातो आणि समिती उपचाराकडे वळवते. अमेरिकेतल्या ओरेगनने २०२१ पासून तसंच करून पाहिलं, पण उपचारांची सोय वेळेत उभी राहिली नाही, रस्त्यावरचा वापर डोळ्यांवर आला, आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. शिक्षा काढली आणि दवाखाना उघडला नाही तर काय होतं, याचं ते उदाहरण. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयांत मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात किती रांग असते ते पाहा, मग आपल्याकडे या पक्षाला आधी कशासाठी भांडावं लागेल ते कळेल.

तिसरा पक्ष बंदीच उठवा म्हणणारा. इथे कुजबुजीत ऐकू येतो, संसदेत मात्र उघड बोललेला आहे. पतियाळाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी २०१६ मध्ये खासगी विधेयक मांडायचा मार्ग धरला; त्यांचं म्हणणं असं की अफू, भुकी (अफूच्या बोंडाचा भुसा), गांजा ही वनस्पतीची नशा सरकारी देखरेखीखाली खुली करा, म्हणजे माणूस रासायनिक नशेकडे ढकलला जाणार नाही. ओडिशाचे तथागत सत्पथी गांजाबद्दल असंच बोलत. १९८५ आधी अनेक राज्यांत गांजाची परवानाधारक दुकानं होती, हा त्यांचा आधार खरा आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजा बंद करायला दिलेली पंचवीस वर्षांची मुदत संपत आली तेव्हा एनडीपीएस कायदा झाला. बंदीचा अनुभव काय, असं विचारलं तर ते गुटख्याकडे बोट दाखवतात: राज्यात २०१२ पासून बंदी, आणि पुडी टपरीवर. पण हा पक्ष एमडीपाशी येऊन अडखळतो. उरुग्वे, २०१८ मध्ये कॅनडा, २०२४ मध्ये जर्मनी, सगळीकडे खुला झाला तो गांजा. मेफेड्रोन दुकानात ठेवायला कोणीच तयार नाही. भारतातही २०१५ पर्यंत ते एनडीपीएसच्या यादीत नव्हतं, आणि त्या मोकळ्या वर्षांतच ते मुंबईत पसरलं. उलट बाजूला मेफेंटरमाइन बघा: त्याच्या गुन्ह्यात पोलिसांना औषध कायद्याची आणि भारतीय न्याय संहितेची कलमं लावावी लागतात, तर एका गांजाच्या झाडाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायद्याची यादी धोक्याच्या क्रमाने लावलेली नाही, एवढं तिसऱ्या पक्षाचं म्हणणं आम्हाला पटतं. त्यावरून सगळंच उघडावं, हे पटत नाही.

किट घेणारे बहुतेक जण यातल्या कुठल्याच पक्षाचे नसतात. त्यांना फक्त आपलं पोर वाचवायचं असतं. त्यांच्यासाठी थोडं नेमकं.

चाचणी सांगून करा. अठरा वर्षांवरच्या मुलाच्या संमतीशिवाय नमुना चोरून घेतलात तर निकाल काहीही आला तरी घरातलं बोलणं संपतं. नमुना सकाळचा पहिला घ्या, तो घट्ट असतो. कपाला हात लावून पाहा: ताजी लघवी कोमट लागलीच पाहिजे; चार मिनिटांच्या आत तापमान ३२ ते ३८ अंश सेल्सिअस. अगदी पाण्यासारखी फिकट असेल तर प्रयोगशाळेत क्रिएटिनिन बघता येतं. डेसिलिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर नमुना पातळ झालेला आहे, निकाल धरू नये. पहारा देत दारात उभं राहण्यापेक्षा हे बरं.

पॉझिटिव्ह आलं तर त्याच दिवशी शिक्षा ठरवू नका, त्याच दिवशी पुन्हा दुसऱ्या कंपनीच्या पट्टीवर तपासत बसू नका. कार्डाचा फोटो पाच ते दहा मिनिटांच्या आत काढा, औषधांची यादी सोबत घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. घरगुती पट्टीचा निकाल कोर्टात पुरावा नसतो. त्यासाठी रुग्णालयात रीतसर घेतलेला नमुना आणि न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. डॉक्टर तुमची माहिती पोलिसांना कळवतील ही भीती बरीच माणसं अडवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात, आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

बेंझोडायझेपिनची रेघ गायब असेल आणि गोळ्या रोज चालू असतील, तर गोळ्या एकदम बंद करू नका. खोलीत कोंडून ‘उतरेल आपोआप’ म्हणणाऱ्यांच्या घरात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट्स येतात, कधी जीवावर बेततं. या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. दारूचंही तसंच. अफूच्या गटातली नशा सुटताना हाल होतात, पण त्यावर ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत. एमडीला तसं पर्यायी औषध नाही. सुटल्यावरच्या दिवसांत खूप झोप, चिडचिड आणि गडद निराशा येते, आत्महत्येचा विचारही. त्या आठवड्यात मुलाला एकटं सोडू नका. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. विकणाऱ्याची माहिती द्यायची असेल तर तो नंबर वेगळा आहे, १९३३. पहिले दोन आणि तिसरा यांची गल्लत करू नका, मुलाच्या देखत तर नाहीच.

विकत घेताना खोक्यावर चार गोष्टी बघा. एक, परवाना क्रमांक: वैद्यकीय उपकरण नियमांखाली देशात बनलेल्या किटवर एमडी-५ किंवा एमडी-९ नमुन्यातला, आयात केलेल्यावर एमडी-१५. (हे एमडी वेगळं, पण योगायोग वाईट आहे.) दोन, प्रत्येक खिडकीचा उंबरठा छापलेला आहे का. तीन, एमईपीची खिडकी आहे का. चार, मुदत आणि साठवणुकीचं तापमान, २ ते ३० अंश. सांगलीत मार्च ते मे पारा ४० च्या आसपास जातो. दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेलं किंवा कुरिअरच्या गाडीत दोन दिवस भाजलेलं किट घेऊ नका. अशा पट्टीवर सी रेघच फिकट येते, आणि मग माणूस नसलेली टी रेघ शोधत बसतो. उन्हाळ्यात ऑनलाइनपेक्षा वातानुकूलित मेडिकलमधून घ्या. एका खोक्यात दोन किटं मिळत असतील तर तेच घ्या. पहिलं कार्ड बहुतेकांच्या हातून जास्त बुडवलं जातं.